घरच्या सुतारकामाची धूळ: कोकणातल्या मांगरासाठी कोणता व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा?

सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी आणि रंगीत लाकडी फळांसाठी ओळखली जाते. सिंधुदुर्गात लाकडाचे काम तेवढ्यापुरतेच नाही. घराशेजारच्या मांगरात फर्निचर करणारे सुतार आहेत, करवंटीपासून वस्तू बनवणारे बचतगट आहेत, आणि गणेशोत्सवाआधी कित्येक घरांच्या पडवीत गणपतीची शाळा भरते. या सगळ्या ठिकाणी गेल्या काही वर्षांत सँडर, राउटर, जिगसॉ, कटर अशी विजेची हत्यारे आली. काम झपाट्याने होऊ लागले, पण हाताच्या रंध्याने कधी उडाली नव्हती इतकी बारीक धूळ घरात पसरू लागली. ती ओढून घेण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा ठरवले की दुकानात वॅट, लिटर, हॉर्सपॉवर आणि हेपा या शब्दांचा मारा होतो. यातले कामाचे काय आणि डब्यावरच्या जाहिरातीपुरते काय?

धुळीची एवढी चिंता कशाला?

रंधा मारताना लाकडाच्या कुरळ्या साली निघतात. त्या जड असतात, पायाशी पडतात आणि झाडूने गोळा होतात. करवतीचा भुसाही बहुतांश जमिनीवरच बसतो. खरा प्रश्न सँडरच्या पुडीचा आहे. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. सँडरच्या धुळीतला बराचसा भाग १० मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. हवा अगदी स्थिर असेल, तर १० मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे ८ मिनिटे घेतो. एक मायक्रॉनचा कण मात्र जवळपास अर्धा दिवस तरंगत राहतो. म्हणजे काम संपले, झाडलोट झाली, तरी सर्वांत बारीक धूळ अजून हवेतच असते. मांगराचे दार उघडले की ती पडवीत येते, आणि पडवीतून माजघरात.

ही धूळ शरीराला काय करते, याचा पहिला ठोस धागा इंग्लंडमध्ये सापडला. हाय विकम हे गाव खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या आतल्या भागाचा एक दुर्मीळ कर्करोग लाकूडकाम करणाऱ्यांमध्ये वारंवार दिसतो. १९६८ मध्ये ॲचेसन, हॅडफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झाल्याचे मान्य करून तिला पहिल्या गटात घातले. याच गटात सिमेंट-दगडातली स्फटिकरूप सिलिका आणि फॉर्माल्डिहाइडही आहे. एमडीएफ आणि प्लायवूडमध्ये वापरला जाणारा डिंक बहुतेक वेळा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असतो.

कर्करोगाचा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे, रोज आठ तास धुळीत काम करणाऱ्यांना आहे. त्याआधी जाणवणारा त्रास वेगळा असतो. सतत वाहणारे नाक, डोळ्यांची चुरचुर, रात्रीचा कोरडा खोकला, दमा. सागाची आणि शिसवाची पूड काही जणांच्या कातडीवर पुरळ उठवते. एकदा अशी ॲलर्जी जडली की पुढे थोडी धूळही पुरते. घरातल्या कामाचा आणखी एक मुद्दा आहे. कारखान्यात धूळ फक्त कामगाराच्या वाट्याला येते. मांगरातली धूळ शेजारी खेळणाऱ्या नातवंडाच्या आणि पडवीत झोपलेल्या आजोबांच्याही वाट्याला येते.

ओढ म्हणजे नेमके काय?

डब्यावर ठळक लिहिलेला आकडा असतो वॅटचा. १,४०० वॅट म्हणजे यंत्र इतकी वीज खाते, एवढेच. ते किती धूळ ओढते हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: हवेचा ओघ आणि ओढीचा दाब.

कोकणातल्या घरात दोन्हींची उदाहरणे आहेत. चुलीची फुंकणी अरुंद असते. तिच्यातून हवा थोडी येते, पण जोराने येते. सूप हलवले की हवा भरपूर हलते, पण तिच्यात जोर नसतो. फुंकणीने भात पाखडता येत नाही आणि सुपाने नेमक्या एका निखाऱ्यावर फुंकर घालता येत नाही. धूळ ओढणाऱ्या यंत्रांचेही असेच दोन घराणी आहेत.

पहिले व्हॅक्यूम क्लीनरचे. त्याची ओढ साधारण २० किलोपास्कल असते. सोप्या भाषेत, उभ्या नळीतून ते पाणी दोन मीटर उंच चढवू शकेल. नळी मात्र ३२ ते ३८ मिलिमीटरची, आणि हवा फार तर मिनिटाला तीन-साडेतीन हजार लिटर.

दुसरे घराणे डस्ट कलेक्टरचे, म्हणजे मोठा पंखा आणि वर-खाली कापडी पिशव्या असलेल्या यंत्राचे. त्याची ओढ जेमतेम २ किलोपास्कल, म्हणजे पाणी २० सेंटिमीटर चढेल इतकी. नळी मात्र १०० मिलिमीटरची. ३५ मिलिमीटरच्या नळीपेक्षा तिचे तोंड आठपट मोठे.

लाकडाचा भुसा नळीत न साचता वाहता राहायला हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर लागतो. ३५ मिलिमीटरच्या नळीत हा वेग राखायला मिनिटाला साधारण १,१५० लिटर हवा पुरते. १०० मिलिमीटरच्या नळीत तोच वेग हवा असेल, तर मिनिटाला सुमारे ९,४०० लिटर हवा ओढावी लागते. म्हणूनच मोठ्या नळीला छोटा व्हॅक्यूम जोडला की नळीत भुसा साचतो, आणि छोट्या नळीला डस्ट कलेक्टर जोडला की पंख्याचा जोर वाया जातो. दोष यंत्राचा नसतो, जोडी चुकलेली असते.

आणखी एक सूचना. माहितीपत्रकात सर्वाधिक ओघ आणि सर्वाधिक दाब असे दोन्ही आकडे दिलेले असतात, पण ते एकाच वेळी मिळत नाहीत. सर्वाधिक ओघ नळी पूर्ण मोकळी असताना मोजतात आणि सर्वाधिक दाब नळीचे तोंड पूर्ण बंद असताना. प्रत्यक्ष काम या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी चालते. त्यामुळे एकच आकडा मोठा आणि दुसरा लपवलेला, अशा यंत्रापासून जपून राहिलेले बरे.

कोणत्या हत्याराला काय जोडावे?

निवड यंत्रापासून सुरू करू नये, कामापासून सुरू करावी. रोज कोणते हत्यार सर्वाधिक वेळ चालते, हा पहिला प्रश्न.

सँडर, राउटर, जिगसॉ, हातातला कटर: या हत्यारांना धूळ बाहेर काढण्यासाठी छोटे तोंड असते. इथे व्हॅक्यूम क्लीनरच हवा. धूळ जिथे तयार होते तिथेच ती पकडली जाते, आणि अरुंद वाटेतून ओढायला दाब लागतो. छिद्रे असलेला सँडिंग पेपर आणि जोडलेली नळी असेल तर ऑर्बिटल सँडरची बहुतेक धूळ हवेत येण्याआधीच ओढली जाते. घरगुती कामात एकाच सुधारणेने सर्वाधिक फरक पडतो तो इथे.

टेबल-सॉ आणि प्लॅनर: यांतून भुसा आणि ढलप्या ढिगाने निघतात. प्लॅनरला व्हॅक्यूम जोडला तर डबा काही मिनिटांत भरतो. रोज प्लॅनर चालत असेल तर डस्ट कलेक्टर घ्यावा. आठवड्यातून एकदा चालत असेल तर तो बाहेर खळ्यात नेऊन चालवणे आणि भुसा झाडूने गोळा करणे हा स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे.

लेथ: लाकडी फळे आणि खेळणी लेथवर कातली जातात. पटाशीने कातताना निघणाऱ्या साली जड असतात, त्यांचा त्रास कमी. त्रास सुरू होतो तो फिरत्या लाकडावर पॉलिश पेपर धरला की. लेथला धूळ काढायचे तोंड नसते आणि धूळ चहूकडे फेकली जाते. अनेक जण व्हॅक्यूमची नळी शेजारी बांधून ठेवतात आणि काही फरक पडत नाही म्हणून सोडून देतात. त्यामागे साधे कारण आहे. फुंकर लांबवर जाते, पण ओढ लांबवर पोहोचत नाही. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग दहाव्या हिश्शापर्यंत खाली येतो. ३५ मिलिमीटरची नळी चार सेंटिमीटर दूर गेली की तिचा उपयोग जवळजवळ संपतो. लेथला म्हणूनच रुंद नळी हवी, आणि तिच्या तोंडाशी नरसाळ्यासारखा पत्र्याचा किंवा प्लायचा झापा, कामाच्या अगदी मागे लावलेला. जमले तर लेथसाठी डस्ट कलेक्टरच योग्य.

गणपतीची शाळा: शाडूची मूर्ती ओली असतानाच ओल्या स्पंजने गुळगुळीत केली तर धूळ उडतच नाही. हा उपाय कोणत्याही यंत्राहून चांगला. वाळलेली माती किंवा प्लास्टर घासावे लागलेच, तर त्याची पूड लाकडाच्या पुडीहून बारीक असते आणि फिल्टर चटकन बुजवते. मातीत क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकाचा अंशही असतो. इथे आत पिशवी असलेला आणि वरच्या दर्जाचा फिल्टर असलेला व्हॅक्यूम लागतो.

फायबरच्या होडीची डागडुजी: मालवण किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आल्या. फायबर घासताना निघणारी काचतंतूंची पूड घरातल्या व्हॅक्यूमने ओढून तोच व्हॅक्यूम पुन्हा माजघरात वापरणे धोक्याचे. त्यासाठी वेगळे यंत्र आणि वेगळी पिशवी ठेवावी.

फिल्टरची खरी कसोटी

व्हॅक्यूम एका बाजूने धूळ ओढतो आणि दुसऱ्या बाजूने हवा सोडतो. फिल्टर साधा असेल तर ढोबळ भुसा डब्यात राहतो आणि सर्वांत घातक बारीक पूड मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत फवारली जाते. डोळ्यांना जमीन स्वच्छ दिसते आणि हवा पूर्वीपेक्षा वाईट होते. ओले-कोरडे, म्हणजे वेट अँड ड्राय प्रकारच्या ड्रम व्हॅक्यूममध्ये ही चूक हमखास होते. त्यासोबत मिळणारी स्पंजची टोपी पाणी ओढण्यासाठी असते. कोरड्या धुळीसाठी घड्यांचा कागदी फिल्टर आणि शक्यतो आत कापडी पिशवी लावायची असते.

युरोपात धूळ ओढणाऱ्या यंत्रांचे तीन वर्ग आहेत: एल, एम आणि एच. चाचणीत एल वर्गाच्या यंत्रातून धुळीचा जास्तीत जास्त १ टक्का बाहेर निसटू शकतो, एम वर्गातून ०.१ टक्का आणि एच वर्गातून ०.००५ टक्का. टक्केवारी किरकोळ वाटते, पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

समजा मांगर चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे. त्यात ३० घनमीटर हवा मावते. युरोपीय संघाने कामाच्या जागी टणक लाकडाच्या धुळीची कमाल मर्यादा दर घनमीटरला २ मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे अख्ख्या मांगरात एका वेळी ६० मिलिग्रॅम धूळ तरंगली की मर्यादा गाठली. ही धूळ चिमटीत मावेल त्याहूनही कमी. आता दिवसभरात सँडरची १०० ग्रॅम पूड ओढली असे धरले, तर एल वर्गातून जास्तीत जास्त १ ग्रॅम, म्हणजे १,००० मिलिग्रॅम बाहेर येऊ शकते. एम वर्गातून १०० मिलिग्रॅम, एच वर्गातून ५ मिलिग्रॅम. ही सगळी धूळ एकदम येत नाही आणि खिडक्यांतून काही बाहेरही जाते. तरी एल आणि एम या दोन अक्षरांमध्ये किती अंतर आहे ते यावरून कळते. ब्रिटनमध्ये लाकडाच्या धुळीसाठी किमान एम वर्ग सुचवला जातो. एम वर्गाच्या यंत्रात आणखी एक सोय असते. नळीतला वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की ते सूचना देते.

हेपा या शब्दाबद्दल थोडे. खरा हेपा फिल्टर, उदाहरणार्थ एच-१३ दर्जाचा, पकडायला सर्वांत अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो. ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा टाइप’ असे लिहिले असेल तर त्याला अर्थ नाही. दर्जाचा आकडा छापलेला आहे का ते पाहावे. फिल्टर उत्तम असला तरी त्याच्या कडेचे रबर ढिले असेल तर हवा फटीतूनच पळते, हेही तपासून घ्यावे.

बादलीचा सायक्लोन

चांगला फिल्टर महाग असतो आणि बारीक पुडीने लवकर बुजतो. बुजला की ओढ कमी होते. यावर उपाय आहे सायक्लोनचा. लाकूड गिरण्यांच्या छपरांवर असे शंकू फार पूर्वीपासून असत. जेम्स डायसन यांना पिशवीविना व्हॅक्यूमची कल्पना सुचली तीही औद्योगिक सायक्लोन पाहूनच.

तत्त्व साधे आहे. हवा गोल फिरवली की जड कण ताकातल्या लोण्यासारखे वेगळे होतात, फक्त इथे ते कडेला जाऊन खाली घसरतात. शंकूच्या आकाराचा प्लॅस्टिकचा सायक्लोन रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीवर बसवून हत्यार आणि व्हॅक्यूम यांच्या मध्ये जोडतात. ढोबळ भुसा आणि पुडीचा मोठा भाग बादलीतच पडतो, फिल्टरपर्यंत थोडीच पूड जाते. त्या बदल्यात ओढ थोडी घटते.

एक काळजी मात्र घ्यावी. नळी अचानक बंद झाली तर २० किलोपास्कलच्या ओढीने ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सुमारे १४० किलो वजनाइतका जोर येतो. पातळ बादली आत चेपते. जाड बुडाची बादली किंवा पत्र्याचा डबा वापरावा.

सायक्लोन हा फिल्टरला पर्याय नाही. सर्वांत बारीक कण त्यातून सुटून पुढे जातातच. दोघांनी मिळून करायचे हे काम आहे.

दमट हवा, खारा वारा आणि वीज

परदेशी माहितीपत्रके कोरड्या, थंड हवेसाठी लिहिलेली असतात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते. लाकडाची पूड ही ओल शोषते. डब्यात राहिलेली पूड चार दिवसांत गोळा होते, कागदी फिल्टरवर तिचा थर बसतो आणि बुरशी धरते. पावसाळ्यात म्हणून काम संपताच डबा रिकामा करावा. धुता येणारा फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. उन्हाळ्यात तो दिवसात वाळतो, आषाढात दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे सुरुवातीलाच फिल्टरचा एक जादा संच घेणे शहाणपणाचे. किनाऱ्याजवळच्या घरात खाऱ्या वाऱ्याने पत्रा आणि स्क्रू गंजतात, तिथे स्टीलपेक्षा जाड प्लॅस्टिकचा ड्रम जास्त टिकतो.

विजेचा हिशेब तितकाच महत्त्वाचा. १,२०० वॅटचा व्हॅक्यूम आणि १,४०० वॅटचा कटर एकाच बोर्डावर चालवले तर २३० व्होल्टला ११ अँपियरहून अधिक प्रवाह लागतो. साध्या ६ अँपियरच्या सॉकेटला तो झेपत नाही. मांगरात १६ अँपियरचे सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. घरातून ओढलेली बारीक एक्स्टेंशन वायर गरम होते, आणि शेजारी भुशाचा ढीग असतो. हत्यार सुरू करताच आपोआप चालू होणारा व्हॅक्यूम घेतला तर त्याच्यावरचे सॉकेट किती वॅटपर्यंत चालते ते पाटीवर वाचावे.

दाब कमी असलेल्या वाडीत व्हॅक्यूमची मोटर मंद चालते आणि ओढ लक्षात येण्याइतकी घटते. डस्ट कलेक्टरची इंडक्शन मोटर कमी दाबावर जादा प्रवाह ओढून तापते. तिला ओव्हरलोड स्विच असावा. ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी आणि नीट केलेले आर्थिंग हवेच. जांभ्या जमिनीतला आर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालावे.

आगीबद्दल दोन नियम पाळावेत. ज्या व्हॅक्यूममध्ये भुसा आहे त्याने ग्राइंडरच्या ठिणग्या ओढू नयेत. जुन्या घराच्या वाशांत खिळे असतात, कटर खिळ्यावर लागून ठिणगी उडाली तर डबा लगेच उघडून पाहावा. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या भुशाच्या पिशवीत कधीच टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

यंत्र भिंतीबाहेर ठेवले तर?

एम आणि एच वर्गाची यंत्रे साध्या ड्रम व्हॅक्यूमच्या कित्येक पट महाग असतात. महिन्याला थोडेच काम निघणाऱ्या घराला ती परवडत नाहीत. इथे कोकणच्या हवेचा एक फायदा आहे.

थंड देशांत खोली तापवलेली असते. ओढलेली हवा बाहेर सोडली तर उष्णता वाया जाते, म्हणून ती गाळून पुन्हा आत घ्यावी लागते. भारीतला भारी फिल्टर लावण्यामागे हेही एक कारण आहे. कोकणात खोली तापवायचीच नसते. साधा ड्रम व्हॅक्यूम भिंतीच्या बाहेर, पागोळ्या लागणार नाहीत अशा वळचणीच्या आत ठेवून फक्त नळी भोकातून आत घेतली, तर फिल्टरमधून निसटलेली पूड खोलीत परतत नाही. आवाजही बाहेर जातो. नळी शक्य तितकी आखूड आणि कमी वळणांची ठेवावी. झरोक्याचे तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, विहिरीकडे किंवा शेजाऱ्यांच्या पडवीकडे नसावे. बाहेर ठेवले म्हणून फिल्टर काढून टाकू नये, नाहीतर घरातली धूळ वाडीला वाटल्यासारखे होईल. यंत्राला पावसाचे पाणी लागू नये आणि काम झाल्यावर प्लग काढून ते आत घ्यावे.

समोरच्या खिडकीत बाहेरच्या दिशेने हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावला, तर हवेत तरंगणारी उरलेली पूडही निघून जाते. काम संपल्यावर तो अर्धा तास चालू ठेवावा. पिशवी रिकामी करताना सर्वाधिक धूळ उडते, म्हणून ते काम वाऱ्याकडे पाठ करून, खळ्याच्या कडेला करावे.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत?

बजेट थोडे असेल तर पहिला खर्च मास्कचा. कापडी रुमाल बारीक पूड अडवत नाही. एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार एफएफपी-२ दर्जाचा मास्क, नाकाशी घट्ट बसणारा, हवा. यंत्र कितीही चांगले असले तरी सँडर चालू असताना तो लागतोच.

दुसरा खर्च २० ते ३० लिटरच्या वेट अँड ड्राय व्हॅक्यूमचा. त्यात पिशवी बसते का, घड्यांचा फिल्टर सुटा मिळतो का, कार्बन ब्रश बदलता येतात का, आणि नळीचे टोक आपल्या सँडरला बसते का, हे दुकानातच पाहावे. नळीचे माप कंपनीनुसार बदलते. सँडर सोबत घेऊन जाणे सर्वांत सोपे. दुरुस्ती कुडाळ किंवा सावंतवाडीत होते, की यंत्र कोल्हापूरला अथवा पणजीला पाठवावे लागते, हेही आधीच विचारावे. महिनाभर अडकलेले यंत्र गणपतीच्या तोंडावर कोणालाच परवडत नाही.

तिसरा खर्च सायक्लोन आणि बादलीचा. चौथा एक्झॉस्ट पंख्याचा. त्यानंतरही रोजचे सहा-आठ तास काम असेल, घरात दम्याचा रुग्ण असेल, किंवा एमडीएफ रोज कापले जात असेल, तर एम वर्गाच्या यंत्राचे पैसे वसूल होतात. प्लॅनर किंवा लेथ हा रोजचा धंदा असेल तर त्याच्या जोडीला डस्ट कलेक्टर घ्यावा, आणि त्याची पिशवी विणीची ढोबळ नसून बारीक पूड अडवणारी आहे याची खात्री करावी.

केलेली व्यवस्था पुरेशी आहे का, हे तपासायला महागडे उपकरण लागत नाही. सँडर चालू असताना खोली अंधारी करून एका बाजूने टॉर्चचा झोत टाकावा. झोतात धुके दिसले तर धूळ सुटते आहे. नळी कुठे ढिली आहे, कोणत्या फटीतून पूड येते, हे त्याच उजेडात समजते. दुसरी परीक्षा घरातलीच आहे. माजघरातल्या देव्हाऱ्यावर किंवा टीव्हीच्या काचेवर दोन दिवसांत बोटाने रेघ ओढता येत असेल, तर मांगराचा व्हॅक्यूम आपले काम अजून करत नाही.